पहिला तुकडा

त्या घरात मक्याचा पाव ओव्हनमधून बाहेर आला की पहिला तुकडा बाबांचा. घरात पाहुणे असोत, कोणी भुकेने कासावीस झालेलं असो, बाबांनी तो तुकडा तोंडात घालून, सावकाश चावून निकाल देईपर्यंत बाकी कोणी सुरीला हात लावायचा नाही. हा नियम कोणी केला ते कोणालाच आठवत नव्हतं. नियम वेडगळच होता, पण असले नियमच घरात जास्त टिकतात, कारण ते मोडत बसायला कोणाला फुरसत नसते.

बाबांची जीभही साधीसुधी नव्हती, हे मान्य करायला हवं. चौतीस वर्षं ते पिठाच्या गिरणीत तपासनीस होते. माल बाहेर पडायच्या आधी पोत्यातलं चिमूटभर पीठ त्यांच्या जिभेवर पडायचं आणि ते सांगायचे, हा मका नीट वाळला नव्हता, हे पीठ महिनाभर पडून आहे, यात जुना माल मिसळलाय. एकदा त्यांनी मालकाच्या मेव्हण्याचा अख्खा ट्रक परत पाठवला होता आणि मालकाने ब्र काढला नव्हता. गिरणीत त्यांना ‘तराजू’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण बाबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्तीनंतर तोलायला दुसरं काही उरलं नाही, तेव्हा रविवारचा मक्याचा पाव तेवढा त्यांच्या हाती राहिला.

आई होती तोवर निकाल एकच असायचा. बाबा तुकडा खायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “जमलं.” आई म्हणायची की ते मलाही माहीत होतं, आणि बाकीचा पाव कापायला घ्यायची. मुलं मग त्यावर तुटून पडायची.

सहा वर्षांपूर्वीच्या थंडीत दोघेही एकदमच तापाने फणफणले. बाबा उठले, आई उठली नाही. मागे राहिले बाबा आणि थोरली मुलगी. तिला सगळे ताई म्हणत: भाऊ, भावजय, शेजारीपाजारी, ग्रंथालयातले लोक, इतकंच काय, बाबासुद्धा. लग्नाचं राहूनच गेलं होतं. ग्रंथालयाच्या बांधणी विभागात ती फाटकी पुस्तकं शिवायची, खळ लावून त्यांचे कणे पुन्हा बसवायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. धाकटा भाऊ चार तासांच्या अंतरावर, मोठ्या शहरात. तो फोन वेळेवर करायचा. फोन वेळेवर करणाऱ्या मुलांचं आईबापांना फार कौतुक असतं, घरात वेळेवर औषध देणाऱ्यांचं तेवढं नसतं.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी ताईने पहिल्यांदा पाव केला. आईसारखाच. भरड मक्याचं पीठ, त्यात मूठभर मैदा, मीठ, चमचाभर साखर. बिडाचा खोलगट तवा लोण्यासकट ओव्हनमध्ये आधीच तापत ठेवायचा. अंडी फेटून पिठात घालायची. आणि सगळ्यात शेवटी, अगदी शेवटी, ताकात खायचा सोडा घालून ढवळायचं, ते फसफसून वर आलं की तसंच पिठात ओतायचं, दोनच हात फिरवायचे आणि तापल्या तव्यात टाकायचं. चर्र आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर आई म्हणायची, आज पाव रुसलाय.

चर्र आवाज आला. पाव फुगला, कडेने सुटला, सोनेरी झाला. ताईने पहिला तुकडा बाबांपुढे ठेवला. बाबांनी तो चावला, बराच वेळ चावला.

“नाही,” ते म्हणाले. “आईसारखा नाही. पुढच्या रविवारी बघू.”

ताईला तेव्हा राग आला नव्हता. उलट गहिवरून आलं होतं. बायको जाऊन दोन महिने झालेत, लगेच कोणाच्या हाताला तिची चव कशी येईल, असं तिनेच स्वतःला समजावलं. पुढच्या रविवारी पीठ थोडं बारीक घेतलं. “पीठ बारीक झालंय. आईसारखा नाही.” त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा भरड घेतलं. “मीठ किंचित पुढे गेलंय.” मग मीठ कमी, मग ताक जास्त आंबट, मग तवा जास्त तापलेला, मग साखर, मग लोणी. तिने दुकानं बदलली, ओव्हन बदलला. एकदा ग्रंथालयातल्या एका वाचकाने आणून दिलेल्या घरच्या मक्याचं पीठ दळून आणलं. प्रत्येक वेळी त्या तुकड्याकडे, मग बाबांच्या जबड्याकडे, मग त्यांच्या डोळ्यांकडे ती बघत उभी राहायची. डोळे मिटले की तिचा श्वास अडकायचा. मग ते उघडायचे आणि “नाही” यायचं.

आता कोणी विचारेल, हिला स्वतःची जीभ नव्हती का? होती की. दोन-तीनदा तिला वाटलंही होतं की हा तोच आहे, अगदी आईचा. पण तुकडा तिच्या तोंडात जायचा तो निकाल लागल्यावर, आणि “नाही” ऐकून खाल्लेल्या पावाला चव कुठली लागायला? शिवाय ती तराजूच्या घरात वाढलेली. बाबांच्या जिभेला कळतं ते खरं आणि आपल्याला लागतं ती नुसती आवड, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं होतं.

दुसऱ्या वर्षी पत्र आलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात जुन्या ग्रंथांच्या दुरुस्तीचा नवा विभाग निघणार होता, आणि तो चालवायला तिला बोलावलं होतं. पाचशे वर्षांपूर्वीची पुस्तकं, हाताने केलेला कागद, हाताखाली चार माणसं, राहायला दोन खोल्या. ताईने ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटायला आलं, आणि तिने ते पातळ कागदाची पट्टी लावून सांधलं. सहा महिन्यांत कळवायचं होतं. बाबांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “तू बघ बाई. मी काय सांगणार.”

ती हसत म्हणाली होती, “तुमच्या तोंडून एकदा ‘जमलं’ येऊ द्या. मग कामाच्या मावशींना शिकवते, रविवारची तुमची सोय झाली की मी मोकळी.”

बाबाही हसले होते. त्या सहा महिन्यांत ताईने जीव ओतून पाव केले. कधी नव्हे ते बुधवारीही केले. एकही जमला नाही. बाबांचं वजन उतरत होतं, ताटातलं अर्धंअधिक तसंच राहत होतं, आणि ताईला वाटलं, ज्या माणसाला आपल्या हातचा एक पाव गोड लागत नाही त्याला मावशींवर टाकून जायचं कसं. तिने नोकरीवर पाणी सोडलं. तिथे दुसरं कोणी लागलं. ताईने पत्र मात्र ठेवलं होतं.

त्याला चार वर्षं झाली आणि यंदा धाकटा बायकोला घेऊन दोन दिवसांसाठी आला. रविवार होता. भावजय चांगली होती, हे सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष तिच्या माथी मारला जाईल. ती आल्या आल्या स्वयंपाकघरात घुसली आणि म्हणाली, ताई, तुम्ही रोजच करता, आज कोरडं सगळं मी मिसळते. ताई नको म्हणत होती, पण तेवढ्यात बाबांनी सदऱ्याची बटणं लावायला हाक मारली. ती गेली. भावजयीने पीठ घेतलं, मैदा घेतला, मीठ, साखर मोजली, आणि तिच्या घरच्या पद्धतीप्रमाणे सोडाही पिठातच घातला. जगात शंभरातल्या नव्याण्णव बायका तो तिथेच घालतात.

ताई परत आली. पीठ तयार होतं, अंडी फेटलेली होती. तिने नेहमीप्रमाणे ताक घेतलं, त्यात सोडा घातला, ढवळला, फसफसलं तसं ओतलं. दोघींची जीभ गप्पांत गुंतलेली होती आणि दोघींचे हात आपापल्या सवयीने चालले होते. विचारायचं कोणाला सुचणार?

पाव असा काही फुगला की विचारू नका. रंग तर इतका खमंग, गडद तपकिरी, की तिघंही ओव्हनसमोर उभं राहून बघत राहिली. धाकट्याने ताट बायकोच्या हातात दिलं आणि मोठ्याने सांगितलं, “बाबा, आज सुनेच्या हातचा आहे बरं का.” ताईने ते तसंच जाऊ दिलं. पाहुण्यांच्या आनंदावर विरजण कशाला.

बाबांनी पहिला तुकडा घेतला. चावला. डोळे मिटले. आणि डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, “जमलं. सूनबाई, जमलं. अगदी हिच्या आईसारखा.”

सहा वर्षं, तीनशे रविवार ज्या एका शब्दासाठी ताई ओव्हनसमोर भाजून निघाली होती, तो शब्द तिच्या समोरून, तिच्याच तव्यातून, दुसरीच्या ओंजळीत पडला. भावजय लाजून म्हणाली, अहो, सगळं ताईंचंच आहे, मी फक्त मिसळलं. पण बाबांनी मान हलवली. हाताला गुण असावा लागतो, म्हणाले. जिव्हारी लागणारी वाक्यं माणसं किती सहज बोलून जातात.

निकाल लागला होता, म्हणून बाकीच्यांनीही तुकडे उचलले. ताईने घास चावला आणि तिचं तोंड थांबलं. पाव कडू होता. कडू म्हणजे कडू जहर, आणि मागून साबणाचा वास. समोर धाकट्याने घास गालात धरून पाण्याचा पेला ओढला. भावजयीने तुकडा हळूच ताटाच्या कडेला ठेवला आणि ताईच्या कानाशी लागली, “ताई, सोडा मी पिठात घातला होता. तुम्ही पण घातलात का?”

ताईने मान डोलावली. बाबांनी दुसरा तुकडा मागून घेतला होता आणि तोही ते संपवत होते.

संध्याकाळी निघताना धाकट्याने तिला दारात बाजूला घेतलं आणि म्हणाला की बाबांचं आता वय झालं, त्यांना कडू काय नि गोड काय, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग गाडीत बसून त्याने हात हलवला. तो किती सहज बोलला होता ते त्यालाही कळलं नाही. ताई मात्र दारातच उभी राहिली. त्यांना कडू काय नि गोड काय.

आठवडाभर ती खळीचा ब्रश हातात घेऊन बसायची आणि खळ वाळून जायची. एकेक गोष्ट आठवत होती. नासक्या दुधाचा चहा बाबा न बोलता प्यायले होते. गॅसवर दूध करपलं होतं, घरभर वास, आणि ते शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. जेवणाबद्दल ते आताशा चांगलं-वाईट काहीच बोलत नसत. ताईने ते सगळं आई गेल्याच्या दुःखाच्या नावावर घातलं होतं. फक्त रविवारी सकाळी, त्या एका तुकड्यापुरती त्यांची जीभ जागी व्हायची.

पुढच्या रविवारी तिने पाव केला आणि मीठ घातलंच नाही. साखरही नाही. पाव रंगाने नेहमीसारखाच झाला. तिने पहिला तुकडा त्यांच्यासमोर ठेवला.

बाबांनी चावला, डोळे मिटले, उघडले. “मीठ किंचित पुढे गेलंय,” ते म्हणाले. “आईसारखा नाही. पुढच्या रविवारी बघू.”

“बाबा,” ताई म्हणाली, “यात मीठ घातलेलंच नाही.”

बाबांचा हात ताटावर थांबला. त्यांनी तो तुकडा हळूच ताटाच्या कडेला सारला.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“त्या तापापासून.” त्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. “सगळं भुशासारखं लागतं. पाव काय, फळ काय, चहा काय. वासही येत नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तराजू मोडला म्हणून सांगू?”

इथवर ताई विरघळली होती, हे खरं आहे. तिला त्यांची दया आली. जन्मभर ज्या जिभेवर मान ताठ ठेवली ती जीभच गेली, आणि ते लपवायला माणूस दर रविवारी एकेक खोट काढत बसला, यात रागावण्यासारखं काय आहे, असं वाटून तिने त्यांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला. विषय तिथेच संपला असता. पण तिच्या तोंडून प्रश्न निघून गेलाच.

“मग बाबा, ‘जमलं’ म्हटलं असतं तरी मला काय कळणार होतं? दर वेळी ‘नाही’ का म्हणत होतात?”

“आधी न लागलेल्या चवीला ‘जमलं’ म्हणवेना,” बाबा म्हणाले. “मग ते पत्र आलं, आणि तूच म्हणाली होतीस. जमलं म्हटलं की तू मोकळी.”

“ते मी हसत म्हणाले होते.”

“मी नाही हसत ऐकलं.”

“तुम्हीसुद्धा हसला होतात.”

“हसलो होतो,” बाबा म्हणाले.

ताईने खांद्यावरचा हात काढून घेतला. तिने विचारलं, “आणि तिला म्हणालात ते?”

“तिला म्हणायला काय जातं,” बाबा म्हणाले, अगदी सरळपणे, पोरीला साधी गोष्ट समजावून द्यावी तसे. “ती संध्याकाळी जाणारच होती.”

ताई आपल्या खोलीत गेली, कपाटातून ते सांधलेलं पत्र काढलं, वाचलं नाही, पुन्हा ठेवलं. त्या विभागात आता पाच माणसं होती, असं तिच्या ऐकिवात होतं. ती त्रेपन्न वर्षांची होती. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. आला तो संताप, आणि तोही थंड. आरडाओरडा करायचा तर समोर ऐंशीचा म्हातारा, ज्याला गरम पाव आणि लाकडाचा भुसा यातला फरक कळत नव्हता. ते घाबरले होते, एवढंच. पण त्यांच्या घाबरण्याची किंमत तिने भरली होती, आणि तीनशे वेळा तिला सांगण्यात आलं होतं की तुझ्यात काहीतरी कमी आहे. तिने ते खरं मानलं होतं.

आठवडाभर त्या घरात औषधं वेळेवर दिली गेली, चहा वेळेवर झाला, कामापलीकडचं एक वाक्य नाही.

रविवारी ताई लवकर उठली. पीठ भरड घेतलं. मीठ, साखर आईच्या हिशेबाने. तवा लोण्यासकट तापत ठेवला. कोणाच्या जबड्याचा विचार न करता, कसलीही घाई न करता, तिने ताकात सोडा घातला, फसफसलं तसं ओतलं, दोन हात फिरवले. तव्यात चर्र आवाज आला. पंचवीस मिनिटांत घरभर भाजल्या मक्याचा वास भरला. बाबा नेहमीप्रमाणे टेबलाशी येऊन बसले, ताट समोर घेऊन. सवय होती. किंवा माफी मागायची त्यांना तेवढीच रीत ठाऊक असेल.

ताईने पाव कापला. वाफ आली. तिने मधला, कडेच्या कुरकुरीत भागासकटचा मोठा तुकडा उचलला, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला, तो वितळून बाजूंनी ओघळू दिला. आणि पहिला तुकडा तिने स्वतः खाल्ला. उभ्याउभ्या, बाबांच्या समोर.

कडा दाताखाली कुरकुरली. आतला भाग ओलसर, गरम, रवाळ. आधी लोण्याचं खारटपण, मग ताकाचा बारीक आंबटपणा, आणि घास गिळून झाल्यावर सावकाश मागून येणारी मक्याची गोडी. तिने डोळे मिटले. आई ओव्हनपुढे वाकलेली दिसली, कपाळावर पीठ लागलेली. तोच होता. तसूभरही फरक नव्हता. आजच नव्हे, तो कितीतरी वर्षांपूर्वीच तसा झाला असणार, बहुतेक पत्र यायच्याही आधी. इतका चांगला पाव आपण करतो हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं, आणि क्षणभर तिला निखळ आनंद झाला.

डोळे उघडले तर बाबा तिच्याकडे बघत होते. आधी तिच्या जबड्याकडे, मग डोळ्यांकडे. ताट त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं.

“कसा झालाय?” त्यांनी विचारलं.

तो आवाज ताईच्या ओळखीचा होता. तीनशे रविवार तो तिचाच होता. तिला कळलं की या माणसाला आता स्वतःची जीभ नाही, आणि बायकोच्या हातचा पाव पुन्हा एकदा मिळायचा असेल तर तो फक्त आपल्या एका शब्दातून मिळेल. शब्दही लहानसाच होता.

तिने घास पूर्ण चावला आणि गिळला.

“नाही,” ताई म्हणाली. “आईसारखा नाही.”

बाबांनी मान खाली घातली. पुढच्या रविवारी बघू, असं काहीतरी ते पुटपुटले. सुरीवरचं लोणी पुसून ताईने दुसरा तुकडाही स्वतःच्याच ताटात घेतला.